भतेरीचा रुसवा

भतेरी हे काही कुणी लाडानं ठेवलेलं नाव नव्हे. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा आजीनं सुईणीला हात जोडून सांगितलं, "भतेरी झाल्या बाई आता," म्हणजे पुष्कळ झाल्या, पुरे. तेच नाव चिकटलं. पानिपतच्या आसपास गावोगावी अशा भतेऱ्या सापडतात आणि बहुतेकींना आपल्या नावाची सवय होऊन जाते. हिला साठी उलटली तरी झाली नव्हती. नाव विचारलं की ती अशा काही आवाजात सांगे, की विचारणाऱ्यालाच आपण गुन्हा केल्यासारखं वाटे.

रागाच्या बाबतीत तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पाण्याच्या टँकरवाल्याशी तिचं भांडण होतं, रेशनवाल्याशी होतं, सकाळी सकाळी भोंगा लावणाऱ्या पुजाऱ्याशीही होतं. पण ते सगळे वरवरचे राग, तोंडी लावण्यापुरते. खरा राग एकाच ठिकाणी साचलेला होता, आणि ते ठिकाण गल्लीच्या तोंडाशी छाती काढून उभं होतं.

ती लाला दीपचंदची गिरणी. साहेबांच्या देशांतून तिथं जुने लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येत. कुणाकुणाचे कोट, स्वेटर, शाळेच्या पोरांची जाकिटं. गल्लीतल्या सुना ओळीनं बसून त्यांची बटणं आणि चेन कापून काढत, मग रंगाप्रमाणे ढीग लावत. लालमध्ये लाल, निळ्यात निळं. एकेका रंगाचा ढीग फाडयंत्रात गेला की त्याचं पिंजलेल्या कापसासारखं तूस होई, तुसाचं सूत, आणि सुताची कांबळी. रंग आपोआप आलेला, त्यामुळे रंगवायचा खर्चही नाही. लाला हे पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगे. तूस सगळं सुतात जात नाही, अर्धंमुर्धं हवेत उडतं, हे मात्र तो सांगत नसे. ते बाहेर फेकायला फाटकालगतच्या भिंतीत माणसाएवढा पंखा बसवला होता आणि त्याचं तोंड थेट गल्लीकडे होतं.

म्हणून ह्या गल्लीत सकाळी उठल्यावर बायका आधी आभाळ बघत नसत, आधी वाळत घालायची दोरी बघत.

"आज काय गं?"

"निळं."

"मरू दे. मग पोराच्या निळ्या पँटी धुऊन टाकते."

निळं चालू असेल तर निळे कपडे धुवायचे, काळं असेल तर काळे. ओल्या कपड्यावर तूस बसलं की ते कपड्यासकट वाळतं आणि त्याचाच होऊन राहतं. मग नखांनी वेचा नाहीतर ओली रबरी चप्पल घासत बसा. पांढऱ्याचा दिवस क्वचित यायचा. त्या दिवशी गल्लीत सणच. सगळ्यांच्या चादरी, धोतरं, म्हाताऱ्यांची पागोटी गच्चीवर चढत आणि बायका एकमेकींना हाका मारत सुटत, "पांढरं आलं गं, पांढरं!"

भतेरीला ह्याच गोष्टीची चीड होती. गिरणीची होतीच, पण ह्या शहाणपणाची जास्त. "चोर रोज येतो म्हणून त्याला येण्याची वेळ विचारून घेता," ती म्हणायची, "आणि वर सांगता, बघा आम्ही किती हुशार!"

शेजारची रिसालो तिच्याच वयाची, पण गल्लीच्या नात्यानं तिला काकी म्हणे. भतेरीला तोंड देऊ शकणारी गल्लीतली ती एकटीच. ती म्हणायची, "काकी, मग तू काय करतेस गं? तू पण तर काळ्या दिवशीच घागरे धुतेस."

"धुते. पण शिव्या देत धुते."



पूर्वी असं नव्हतं, हे तर अधिकच चीड आणणारं. भतेरीचा नवरा दरियाव त्या फाडयंत्रावर कामाला होता तेव्हा पंख्याच्या तोंडाला जाड कापडाचा मोठा थैला बांधलेला असे. तूस थैल्यात, वारा बाहेर. संध्याकाळी यंत्र थांबवायचं, थैला सोडून झटकायचा, भरलेलं तूस पुन्हा पोत्यात भरायचं. दरियावच ते करायचा. मग गिरणी वाढली, पंखा मोठा आला, आणि रोज संध्याकाळी यंत्र थांबवणं लालाच्या जिवावर यायला लागलं. एका पावसाळ्यात थैला फाटला. तो परत कुणी शिवला नाही.

दरियावचा खोकला तेव्हा आधीच सुरू झाला होता. आधी नुसता सकाळचा, तोंड धुताना येणारा. "थंडी आहे," म्हणायचा. मग रात्रीचा. मग जिना चढताना. शेवटी शेवटी तो खाटेवर उशीला टेकून बसूनच झोपे, आडवं होणं जमत नसे, आणि रुमालात जे पडे त्याला त्या त्या दिवसाचा रंग असे. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लांबलचक लिहिलं. लालानं तेराव्याला एक कांबळं पाठवलं.

ते कांबळं भतेरीनं गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन गिरणीच्या फाटकावर फेकलं होतं. "ह्यात माझ्या माणसाची छाती आहे," ती ओरडली होती, "ह्याची ऊब तुझ्या घरात घे." तेव्हापासून गिरणीचं कांबळं तिच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. लोकांना दाखवायला ती शेजारच्यांच्या दोरीवरचं कांबळं उजेडात धरायची. "बघा, पलीकडचा लिंब दिसतो की नाही? वारा इकडून शिरतो, तिकडून निघतो. देवाच्या नावानं वाटतात म्हणे हे, गरिबांना!"

मुलगा जगबीर बॅटरीवरची रिक्षा चालवायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं आणि सुनहरी घरात आली. पोरगी बारीक, कमी बोलणारी, पण कामाला वाघ. महिन्याभरात तीही गिरणीत बटणं कापायला जायला लागली. भतेरीनं आकांडतांडव केलं, पण रिक्षा पावसात बंद पडली होती आणि घर सुनेच्या हातावर चाललं होतं. म्हातारीनं तोंड वाकडं करून परवानगी दिली.

सुनहरी सासूसमोर घुंघट ओढायची नाही. भतेरीनंच सांगितलं होतं, "मला तुझं तोंड बघायचंय, ओढणी नाही." पण गिरणीच्या दारातून आत पाऊल टाकलं की सगळ्या सुना आपोआप ओढणी नाकापर्यंत ओढून घेत. बाहेरच्या लोकांना वाटे, काय मर्यादशील पोरी आहेत! भतेरी म्हणायची, "सासऱ्यासाठी नाही ओढत त्या. तुसासाठी ओढतात."

आणि मार्गशीर्ष सरता सरता एके सकाळी सुनहरी नळावर तोंड धुताना खोकली.

भतेरी चुलीशी होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"थंडी आहे, मां," सुनहरी म्हणाली.

त्या दिवसापासून भतेरीचा राग मोठा झाला नाही, बारीक झाला. बोलणं कमी झालं. ती एकटीच गिरणीच्या भिंतीखाली जाऊन उभी राही, त्या पंख्याकडे बघत. नवऱ्याला जे झालं ते झालं. ते सुनेला होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. थैला परत लागला पाहिजे. निदान तिथून सुरुवात तरी.

संक्रांत जवळ आली होती. तिकडे तिला सकरात म्हणतात आणि त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना रुसायचा मान असतो. सासू, सासरे, मोठे दीर पहाटेच दुसऱ्याच्या दारात नाहीतर चौकात जाऊन तोंड फुगवून बसतात. मग सून बायकांच्या घोळक्यासकट गाणी म्हणत जाते, अंगावर शाल नाहीतर कांबळं घालते, पाया पडते आणि रुसवा काढून घरी आणते. सुनहरीची ही पहिली सकरात.

रिसालो आठवडाभर आधीपासून चिडवायला लागली. "काकी, यंदा रुसणार ना? पण तू तर बारा महिने रुसलेलीच. बिचाऱ्या पोरीला कळणार कसं, सणाचा रुसवा कुठला आणि रोजचा कुठला?"

"कळेल," भतेरी म्हणाली, "तुला पण कळेल."

सुनहरी मात्र विचारात पडली होती. सासूच्या अंगावर घालायचं काय? गिरणीचं कांबळं आणलं तर म्हातारी तेही फाटकावर फेकेल. बाजारातली शाल आणली तर ती अंगावर घेईल, पण मनातून नाही. मग तिला पेटीतल्या खेसाची आठवण झाली.

तो खेस भतेरीच्या लग्नातला होता. तिनं स्वतः कातलेल्या सुताचा, गावच्या विणकराकडून दुहेरी विणून घेतलेला, पांढराशुभ्र, काठाला निळी चौकट. दरियाव शेवटपर्यंत तोच पांघरायचा. तो गेल्यावर भतेरीनं खेस घडी घालून पेटीत टाकला. धुतला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "ह्या गल्लीत पांढरं कुठं वाळवू?" ते खरंच होतं. पण दुसरंही एक कारण होतं आणि ते ती कुणाला सांगत नसे. कधी घरात कुणी नसलं की ती पेटी उघडून त्या खेसात तोंड खुपसून बसे. तंबाखूचा, यंत्राच्या तेलाचा, त्याच्या अंगाचा वास अजून त्यात होता.

सुनहरीला हे कुठून ठाऊक असणार? तिला एवढंच दिसलं की सासूचा जीव ज्यात आहे ती वस्तू मळून पेटीत पडलीय. ती स्वतः ढीग लावायला बसायची, त्यामुळे उद्याचा रंग तिला आज कळायचा. मुकादम मेहरसिंगनं सांगितलं, "उद्या पांढरं. दिवसभर." त्यातच भतेरी भावाकडे गूळ आणायला गावी जाणार होती. सुनहरीनं सुट्टी टाकली. सगळं जुळून आलं.

भतेरी दुपार कलताना गुळाची ढेप डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली आणि तिच्या पायापाशी काहीतरी लाल तरंगत आलं. तिनं वर पाहिलं. पंख्याच्या तोंडातून लाल धूर निघावा तसं तूस येत होतं. गटारं लाल, ओटे लाल, रिसालोची पांढरी शेळी लाल. गच्च्यांवर बायका किंचाळत चादरी ओढत होत्या. सकाळी पांढरं म्हणून प्रत्येकीनं पांढरं वाळत घातलेलं!

मग तिला आपली गच्ची दिसली. कठड्यावर तिचा खेस होता. ओला, जड, आणि वरून खालपर्यंत लाल लव आलेला. जनावर सोलून टाकावं तसा.

सुनहरी त्याच्याजवळ उभी राहून दोन्ही हातांनी तूस झटकत होती. जितकं झटके तितकं ते आत बसत होतं.

"कुणी काढला?" भतेरीचा आवाज जिन्यातूनच आला.

सुनहरी वळली. रिसालोच मधे पडली. "काकी, पोरीला काही बोलू नकोस. पहाटेपासून खपली बिचारी. सोड्याच्या पाण्यात भिजवला, टपात उभी राहून पायांनी तुडवला, थापीनं बडवला. पिळायला मी होते दुसऱ्या टोकाला, दंडाला गोळे आले माझ्या. नीळ दिली. असा पांढरा निघाला होता गं, असा! तुझ्यासाठी. सकरातीला तुझ्या अंगावर घालायला. आणि भर बाराला मेल्यांनी लाल चढवलं."

भतेरीनं खेसाचं एक टोक उचललं आणि नाकाशी नेलं. सोड्याचा वास. दुसरा कुठलाच नाही.

ती सुनेला बोलायला वळली. तोंडात शब्द आले होते, वाईट शब्द, आईवरून-बापावरून जाणारे. तेवढ्यात तिला सुनहरीचे हात दिसले. सोड्यानं सालपटं निघालेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली, नखांत लाल तूस. आणि पोरगी रडता रडता खोकायला लागली.

भतेरीनं तोंड मिटलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ज्याच्यावर ती पडायला हवी तो ह्या गच्चीवर नव्हताच.

तिनं खेस तसाच ओला खांद्यावर टाकला आणि गिरणीत गेली.

लाला दीपचंद अंगणात नाकाला रुमाल लावून उभा होता आणि मेहरसिंगला काहीतरी समजावत होता. भतेरीनं खेस त्याच्या पायाशी टाकला.

"हे काय, चाची?"

"तुझं तूस. परत घे."

लालानं खेस बुटाच्या टोकानं जरा सरकवला. माणूस तोंडाचा गोड होता, ते त्याचं भांडवल. "अहो चाची, घाई होती. सकरातीला वाटायची कांबळी आहेत ना, त्यांच्यासाठी लाल लागलं. गेल्या वर्षी करडी वाटली, तर पेपरात फोटो असा काळपट आला! लाल कसं खुलून दिसतं. पुण्याचं काम आहे. त्यात तुमचा एखादा कपडा गेला तर..."

"एखादा कपडा?"

"दोन नवी कांबळी घेऊन जा. मेहर, चाचींना दे रे दोन."

भतेरीला वाटलं, खेसाचा ओला बोळा करून ह्याच्या गोड तोंडात कोंबावा. ती एवढंच म्हणाली, "थैला लाव."

"थैला लावला तर रोज मशीन थांबवावं लागतं, चाची. तुम्हाला ह्यातलं कळायचं नाही. हे पानिपत आहे. इथं तूस नाही उडणार तर काय गुलाब उडणार? तूस म्हणू नका, लक्ष्मी म्हणा. सगळी गल्ली हिच्यावर जेवते."

"मग लक्ष्मी आली तर नाकाला रुमाल का लावतोस?"

लालानं रुमाल खाली घेतला आणि हसला. मग शिंकला. मेहरसिंगनं तोंड फिरवलं. भतेरी खेस उचलून निघून आली.

चार दिवस ती गच्चीवर बसून ओल्या चपलेनं तूस काढत होती. तूस निघालं. पण स्वस्त रंगाची लोकर ओल्या सुतावर बसलेली, तिनं आपला रंग सोडला होता. खेस पांढरा राहिला नव्हता, गुलाबी झाला होता, ठिकठिकाणी, जखम धुतलेल्या पाण्यासारखा. सुनहरी रोज जवळ येऊन बसायची, काहीतरी बोलायला बघायची आणि उठून जायची. भतेरी तिच्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. सुनहरीला वाटलं, माझ्यावरच आहे राग. गल्लीलाही तेच वाटलं.

सकरातीच्या पहाटे दारोदारी शेकोट्या पेटल्या. धुकं एवढं की शेजारची शेकोटी नुसती तांबडी दिसत होती. भतेरीनं थंड पाण्यानं आंघोळ केली, गुलाबी खेस अंगावर घेतला, आपली खाट उलटी करून डोक्यावर घेतली, एका हातात दरियावचा हुक्का धरला आणि निघाली. रिसालोच्या दारात नाही, चौकात नाही. थेट गिरणीच्या फाटकात जाऊन तिनं खाट टाकली आणि त्यावर मांडी घालून हुक्का पेटवला.

फाटकावर आदल्या रात्रीच मोठा कापडी फलक लागला होता. त्यावर हात जोडलेला लाला, आणि खाली 'कंबल वितरण'. लाल कांबळ्यांची थप्पी टेबलावर. खुर्च्या. पेपरचा फोटोवालाही येऊन कुडकुडत होता.

उजाडल्यावर सुनहरी आली. मागे गल्लीतल्या सगळ्या सुना, हातात तिळगुळाचं ताट, आणि सुनहरीच्या खांद्यावर घडी घातलेली हिरवी शाल. तिनं ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती. बायका गाणं म्हणत होत्या, सासूला टोमणे मारणारंच, तसंच असतं ते. पण सुनहरीचा आवाज त्यात नव्हता. तिनं वाकून सासूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मां, उठ ना. चूक झाली माझी."

"तुझी कसली चूक?"

"खेस..."

"मी तुझ्यावर रुसलेच नाही." भतेरीनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुझी शाल मी घरी जाऊन घेईन, आणि मरेपर्यंत वापरीन. पण इथून तुझ्या हातानं उठणार नाही. ज्यानं रुसवलंय त्यानं उठवावं."

"कुणी?"

भतेरीनं हुक्क्याची नळी भिंतीतल्या पंख्याकडे केली.

बायकांत कुजबुज झाली. हे असं कधी झालं नव्हतं. सकरातीचा रुसवा सुनेवरचा असतो, गिरणीवर कसा काय? पण रुसलेलं माणूस बसलेलं असताना सुनेला पाठ फिरवून जाता येत नाही, हेही तितकंच खरं. सुनहरी खाटेशी जमिनीवर बसली. बाकीच्या सुना उभ्या राहिल्या.

रिसालो गर्दीतून पुढे आली. आता काहीतरी लागट बोलणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. ती खाटेजवळ आली, भतेरीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "सरक. मी पण रुसले."

"तुझं काय गेलं?"

"माझी शेळी अजून लाल आहे. आणि माझी चिंता करू नकोस, मला माझी कारणं आहेत." रिसालोचा थोरला मुलगाही त्याच फाडयंत्रावर कामाला होता, हे गल्लीला सांगायची गरज नव्हती.

मग दुसऱ्या म्हाताऱ्या आल्या. कुणी पाट आणला, कुणी पोतं. एकेक येऊन फाटकात बसत गेली, आणि जिची सासू बसली त्या सुनेला मग आत जाता येईना. लालानं सुट्टी फक्त सकाळची दिली होती. भोंगा झाला तरी बटणं कापायला आत कुणी नाही. साठवलेला ढीग संपल्यावर यंत्र थोडा वेळ रिकामंच गुरगुरलं आणि बंद पडलं. पंखाही थांबला. गल्लीला आपलाच आवाज ऐकू यायला लागला.

लाला गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या फाटकात म्हाताऱ्यांचा बाजार भरलेला. त्याचं तोंड आधी उतरलं. सकरातीच्या दिवशी दारात एवढ्या रुसलेल्या म्हाताऱ्या, म्हणजे वर्षाला काय वाढून ठेवलंय कोण जाणे! तोही त्याच मातीतला. पण फोटोवाल्यानं त्याला वाट काढून दिली. "लालाजी, सुरुवात ह्या आजींपासूनच करू. खाट, हुक्का, मस्त येईल."

लालाचा चेहरा खुलला. त्यानं थप्पीवरचं एक लाल कांबळं उलगडलं, वाकून भतेरीच्या खांद्यावर घातलं आणि फोटोवाल्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "चाची, सोडा आता रुसवा. हा तुमचा मुलगाच तुम्हाला मनवायला आलाय."

फोटो निघाला. आता हे कांबळं कुठं जाऊन पडतं, एवढंच गल्लीला बघायचं होतं.

भतेरी उठून उभी राहिली. "मुलगा म्हणालास? दिलंस मला हे?"

"दिलं, चाची."

"घेतलं."

रिसालो खाटेवरून ओरडली, "काकी, एका कांबळ्याला विकली गेलीस?"

भतेरीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं कांबळं दोन्ही हातांनी उंच धरलं. धुकं विरत होतं आणि कांबळ्यातून सूर्य दिसत होता, गोल, स्वच्छ. "बघा. ह्यानं थंडी अडायची नाही. वारा इकडून तिकडे. म्हणजे पंख्याचा श्वास पण कोंडायचा नाही. अडलं तर तूसच अडेल." मग ती खाली वाकली आणि खाटेच्या पायथ्याची दोरी सोडायला लागली. "जगबीर, शिडी आण. सुनहरी, हे टोक धर."

"अहो, काय करता हे!" लाला पुढे झाला.

"का? सकरातीला मनवताना दिलेलं परत घेतोस? मुलगा म्हणून दिलेलं? काढ मग." तिनं फोटोवाल्याला बोलावलं. "ये रे, ह्याचा पण फोटो काढ."

लालाचा हात जिथल्या तिथं राहिला. बायकांतून एकीनं गाणं उचललं, मग सगळ्यांनीच. जगबीर शिडीवर चढला, कांबळं पंख्याच्या तोंडाला चारी बाजूंनी ताणून खाटेच्या दोरीनं आवळून बांधलं. सुना आत गेल्या. यंत्र चालू झालं. कांबळं फुगलं, थरथरलं आणि तसंच राहिलं. बाहेर वारा आला. नुसता वारा.

गल्ली दिवसभर आभाळाकडे बघत होती. दुपारी रिसालोनं शेळी धुतली.

संध्याकाळी भतेरीनं यंत्र थांबवायला लावलं. मेहरसिंगनं लालाला विचारलंही नाही. कांबळं खाली उतरवलं तेव्हा ते दोघांना उचलेना. आतल्या बाजूला बोटभर जाड लाल थर बसला होता, मऊ, दमट. भतेरीनं लालाचा हात धरला आणि त्या थरावर ठेवला.

"दाब. हे एका दिवसाचं आहे. तेही अर्ध्या. दरियावच्या छातीत हे होतं."

लालानं हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला. मग म्हणाला, "ठीक आहे, चाची. थैला शिवून घेतो. रोज झटकू. आता तरी गेला ना रुसवा?"

भतेरी बोलणार होती, गेला म्हणून. तेवढ्यात तिची नजर उघड्या दारातून आत गेली. दिव्याच्या उजेडात सुना उरलेलं काम आवरत ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर, दंडांवर लाल लव होती. शेवटी सुनहरी. तिनं ओढणी नाकापर्यंत ओढली होती आणि हातातल्या कात्रीसकट ती खोकत होती.

भतेरी मागे फिरली. दोरी काढल्यामुळे तिची खाट मधे खोल झोळीसारखी लोंबत होती. तिनं गुलाबी खेस नीट आवळून घेतला आणि त्या झोळीतच जाऊन बसली.

"आता काय, चाची?"

"हुक्का भर," भतेरी रिसालोला म्हणाली. आणि लालाकडे बघून, "गेला तो बाहेरचा रुसवा. आतला अजून बाकी आहे."